कोलाज-फिल्मसाठी चिकटद्रव्ये

कॅमेऱ्याशिवाय, पारदर्शक फिल्मपट्टीवर थेट पाने, पाकळ्या, धागे किंवा कीटकांचे पंख चिकटवून केलेल्या चित्रपटात लागणारे गोंद आणि टेप. १६ मिमी पट्टीवरची एक फ्रेम जेमतेम ७.६ मिमी उंच. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर मिनिटाला ३६ फूट पट्टी लागते आणि ती सतत वाकत पुढे सरकते. म्हणून गोंद किती घट्ट धरतो यापेक्षा वाळल्यावर लवचिक राहतो का, हे आधी पाहावे.

पट्टीची बाजू ओळखण्यासाठी ओल्या ओठाला ती लावून बघतात. जिलेटिनची (चित्र उमटवणाऱ्या थराची) बाजू चिकटते, उघडे प्लास्टिक चिकटत नाही. जिलेटिनवर पाण्यातले गोंद चांगले धरतात, पण पाणी जास्त झाले की थर फुगून सुटतो. उघड्या प्लास्टिकवर मात्र फेविकॉल, खळ, बाभळीचा डिंक वाळून पापुद्र्यासारखे निघून येतात. फेविक्विक क्षणात धरते, पण ठिसूळ होते आणि दमट हवेत भोवती पांढरट धुरकटपणा सोडते. पंक्चरचे सोल्युशन लवचिक खरे, पण पिवळे पडते. फिल्म सिमेंट, म्हणजे पट्ट्या जोडण्याचे द्रावण, ॲसिटेट प्लास्टिकच्या पट्टीला विरघळवून जोडते. पॉलिएस्टरच्या पट्टीवर त्याचा काहीच उपयोग नाही.

सर्वांत भरवशाचे म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिक मीडियम (ॲक्रिलिक रंगात मिसळायचे बिनरंगी द्रव्य), मऊ कुंचल्याने पातळ लावलेले. दुसरा मार्ग संकलनात फिल्मचे तुकडे जोडायच्या छिद्रदार पारदर्शक टेपचा: दोन टेपांमध्ये वस्तू दाबायची. अमेरिकी प्रायोगिक चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांनी १९६३ च्या ‘मॉथलाइट’मध्ये पतंगांचे पंख असेच बसवले. साधी सेलोटेप वापरू नये. तिचा गोंद कडेने पाझरून गुंडाळीतल्या पुढच्या फेऱ्याला चिकटतो.

बेळगाव सीमाभागात खरी परीक्षा पावसाळ्यात होते. खानापूर, कणकुंबीकडे ॲक्रिलिक वाळायला दोन-तीन दिवसही द्यावे लागतात. पाने आठवडाभर वर्तमानपत्रात दाबून पूर्ण सुकवावीत, नाहीतर टेपमध्ये कोंडलेल्या ओलाव्याने बुरशी धरते. निपाणीचे तंबाखूचे पान दिव्यासमोर सुंदर दिसते, पण ते हवेतला ओलावा ओढते. मधली जाड शीर काढून ते उन्हाळ्यातच लावलेले बरे. शहापूर-वडगावच्या मागांवरचा रेशीमधागा सपाट बसतो. जरीचा धागा मात्र प्रकाश अडवतो, पडद्यावर त्याची फक्त काळी रेघ उमटते.

आधी फूटभर पट्टीवर चाचणी घ्यावी. वाळलेला तुकडा पेन्सिलीभोवती गुंडाळावा. तडा गेला किंवा कड उचलली तर गोंद बदलावा. पट्टीच्या कडेच्या छिद्रांत गेलेला गोंद ओला असतानाच सुईने काढावा. जाड भाग प्रोजेक्टरच्या गेटमध्ये (दिव्यासमोरून पट्टी सरकते त्या फटीत) अडकतो आणि थांबलेली फ्रेम दिव्याच्या उष्णतेने वितळू शकते, म्हणून मूळ पट्टी स्कॅन करून किंवा लाइटबॉक्सवर फ्रेमगणिक फोटो काढून तीच प्रत दाखवावी.