कोणाची वही कोणाकडे?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत निबंध लिहून झाला की ‘शेजाऱ्याशी वह्या बदला आणि तपासा’ ही सूचना अनेकदा ऐकू येते. शिक्षणशास्त्र या रीतीला सहाध्यायी मूल्यमापन म्हणते. तपासताना काय पाहायचे याचे निकष शिक्षक बहुधा फळ्यावर लिहून देतात. मात्र कोणाची वही कोणाकडे जावी हा प्रश्न बाकांच्या मांडणीवर सोडून दिला जातो, आणि या पद्धतीचे बरेचसे यशापयश नेमके तिथेच ठरते. शेजारी हा सहसा मित्र असतो, पुष्कळदा एकाच गल्लीतला किंवा एकाच बसने येणारा असतो. शिवाय दोघे एकमेकांचीच वही तपासत असल्यामुळे गुणांची परतफेड करण्याचा मोह दोघांनाही टाळता येत नाही.

तपासणीचा फायदा ज्याची वही तपासली जाते त्यालाच होतो, हा समजही तितकासा खरा नाही. क्रिस्टी लंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले होते. एक गट फक्त इतरांच्या लेखनावर अभिप्राय देत असे आणि दुसरा फक्त मिळालेल्या अभिप्रायांचा उपयोग कसा करायचा हे शिकत असे. पुढे स्वतःच्या लेखनात अधिक प्रगती दिसली ती अभिप्राय देणाऱ्यांची, आणि त्यांतही भाषेत मागे असलेल्यांची प्रगती विशेष ठळक होती. तेव्हा ‘कच्च्या’ मुलांकडे वह्या द्यायच्या नाहीत आणि हुशार मुलांवरच सगळा भार टाकायचा, ही आपल्याकडची सवय त्या कच्च्या मुलांच्याच मुळावर येते.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील मराठी माध्यमाच्या एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी आणि घरी कन्नड बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसलेली आढळतात, आणि त्यांच्या चुका वेगवेगळ्या असतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी मानल्या जातात. मराठीत मात्र भिंत स्त्रीलिंगी, दगड पुल्लिंगी आणि झाड नपुंसकलिंगी असते, आणि त्यामागे अर्थाचा कोणताही नियम सांगता येत नाही. कन्नड घरातल्या मुलाची लिंगाची चूक तशाच घरातल्या दुसऱ्या मुलाच्या नजरेतून निसटू शकते, पण मराठी घरातल्या मुलाच्या कानाला ती लगेच खटकते. कन्नडच्या तासाला हीच गोष्ट उलट दिशेने घडते. म्हणून तपासणारा निवडताना तो किती हुशार आहे यापेक्षा त्याच्या चुका लिहिणाऱ्याच्या चुकांहून वेगळ्या आहेत का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मुलांनाच आपापला जोडीदार निवडू द्यावा, असे कोणी सुचवील. त्यात गणिताची एक अडचण आहे. 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी सिद्ध केले, की दोन वेगळ्या गटांतील सदस्यांच्या जोड्या लावायच्या असतील, तर पसंतिक्रम कसेही असले तरी स्थिर मांडणी नेहमीच सापडते. स्थिर याचा अर्थ असा, की आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावे असे वाटणारे दोघे त्या मांडणीत उरत नाहीत. मात्र सगळे एकाच वर्गातले असतील तर ही हमी संपते. समजा, अ ला ब सर्वांत जास्त आवडतो, ब ला क, क ला अ, आणि ड हा तिघांच्याही यादीत शेवटी आहे. आता कशीही जोडी लावा. ड च्या वाट्याला जो येईल, त्यालाच पहिली पसंती देणारा दुसरा कोणीतरी असतोच, आणि ते दोघे आपापली जोडी मोडायला तयार होतात.

सुदैवाने तपासणीसाठी परस्पर जोडी लागतच नाही. चाळीस मुलांच्या वर्गात चिठ्ठ्या टाकून नवे क्रमांक द्यावेत, ते गोलाकार मांडले आहेत असे समजावे आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्या तिघांच्या वह्या तपासाव्यात. चाळिसाव्याच्या पुढे पुन्हा पहिला येतो. यात प्रत्येकाकडे बरोबर तीन वह्या जातात, प्रत्येक वहीला तीन तपासनीस मिळतात आणि कोणीही एकमेकांची वही तपासत नाही, त्यामुळे परतफेडीला वावच राहत नाही. यासाठी संगणक लागत नाही, कागदाचा एक तक्ता पुरतो. तपासनिसांची सरमिसळ हवी असेल, तर मागील चाचणीवरून किंवा घरच्या भाषेवरून मुलांचे गट करून, चिठ्ठ्यांऐवजी त्या गटांतून आळीपाळीने क्रमांक द्यावेत.

तीन जणांनी दिलेल्या गुणांची सरासरी मात्र काढू नये. 8, 7 आणि 2 असे गुण मिळाले तर सरासरी 5.67 येते, म्हणजे एकाच्या रागाचा किंवा घाईचा भुर्दंड लिहिणाऱ्याला पडतो. मधला गुण घेतला तर 7 मिळतात. तिघांत फार तफावत दिसेल ती वही शिक्षकांनी स्वतः पाहावी. त्यांचा वेळ खरा तिथेच लागायला हवा.

खानापूर तालुक्यातल्या जंगलभागातील लहान शाळांत ही मांडणी तशीच चालत नाही. प्रत्येकाला तीन तपासनीस द्यायचे आणि परस्पर तपासणीही टाळायची, तर वर्गात निदान सात मुले लागतात. दोन तपासनिसांसाठी पाच पुरतात. शिवाय इतक्या छोट्या वर्गात प्रत्येकाचे अक्षर प्रत्येकाला ओळखता येते, त्यामुळे नाव झाकूनही उपयोग होत नाही. अशा वेळी जवळच्या गावातील शाळेशी वह्यांचे गठ्ठे बदलून घेणे हा चांगला मार्ग आहे. अक्षर अनोळखी राहते, आणि ज्याने आपली वही तपासली त्याचीच वही आपल्याकडे येऊ नये, एवढे दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळून एका तक्त्यात पाहिले की पुरते.