अबीब महिना आणि पिकांवरून ठरणारे बायबलचे पंचांग

वर्षाचा पहिला महिना आणि त्यावर अवलंबून असलेले यात्रेचे सण शेतातल्या पिकाची अवस्था पाहून ठरवण्याची प्राचीन इस्राएली पद्धत. महिना चंद्रकोर दिसली की सुरू व्हायचा. मात्र त्या महिन्याला वर्षाचा पहिला महिना म्हणायचे की आधी एक अधिक महिना धरायचा, याचा निर्णय घेताना सातूच्या (जवाच्या) पिकाकडे पाहिले जाई. या पहिल्या महिन्याचे बायबलमधले जुने नाव अबीब. बाबिलोनच्या बंदिवासानंतर त्याच महिन्याला निसान म्हणू लागले.

बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे होते, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. अधिक महिना न धरल्यास सण दरवर्षी तेवढे मागे सरकतात. इस्लामी पंचांगात तसेच होते, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. बायबलच्या सणांना ही मोकळीक नाही, कारण त्यांच्या विधींना त्या त्या हंगामाचे धान्य लागते. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायाप्रमाणे पहिल्या महिन्यातल्या बेखमीर भाकरीच्या सणाच्या सुमारास नव्या पिकाची पहिली पेंढी, म्हणजे ओमेर, याजकाने देवापुढे ओवाळायची. तोवर नवे धान्य, हुरडा किंवा भाकर खायची नाही. तिथून सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या दोन खमिरी भाकरी अर्पण करायच्या. हा सप्ताहांचा सण. सातव्या महिन्याच्या 15 तारखेला, शेतातले सगळे उत्पन्न घरात आल्यावर, मंडपांचा सण. पहिला महिना महिनाभर आधी धरला तर ओवाळायला पेंढीच मिळणार नाही आणि पुढची सारी मोजणी कोलमडेल.

पिकाची नेमकी कोणती अवस्था पाहायची, हे निर्गम या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात मिसरवरच्या (इजिप्तवरच्या) गारपिटीच्या वर्णनातून कळते. सातू निसवला होता आणि जवस फुलावर आला होता, म्हणून दोन्ही झोडपले गेले; गहू आणि खपली मागाहून तयार होत असल्याने वाचले. शेतकऱ्याला हे लगेच पटते. कोवळे, लवचीक रोप गारांखाली वाकते आणि पुन्हा उभे राहते, तर दाणा भरत आलेले ताट मोडून पडते. लेवीयच्या 2ऱ्या अध्यायात याच अवस्थेतली कणसे विस्तवावर भाजून अर्पण करायला सांगितली आहेत. दाणा चिकातून पुढे सरकून हुरड्यात आलेला, पण अजून कापणीइतका वाळलेला नाही, असा तो टप्पा. तेव्हापासून दोन-तीन आठवड्यांत पीक कापणीला येते, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला सातू हुरड्यात असेल तर मध्यावरच्या सणापर्यंत विळा लावता येतो.

सगळीकडे पीक एकदम येत नाही. समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या यार्देनच्या खोऱ्यात सातू लवकर पिकतो, यहुदियाच्या डोंगराळ भागात उशिरा. यरीहोचे लोक ओमेरच्या आधीच कापणी करत आणि विद्वान त्यांना अडवत नसत, असे मिश्नात (ज्यू धर्मपंडितांच्या जुन्या नियमसंग्रहात) नोंदले आहे.

शेतीचे हे वर्ष एका छोट्याशा चुनखडी दगडावरही कोरलेले सापडले आहे. गेझेर या तिथल्या प्राचीन नगराच्या जागी 1908 मध्ये मिळालेला हा लेख इसवी सनापूर्वी 10व्या शतकातला मानतात. तो आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यात दोन महिने फळे गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस काढण्याचा, एक सातूच्या कापणीचा, एक उरलेली कापणी आणि मापणीचा, दोन द्राक्षवेलींच्या छाटणीचे आणि एक उन्हाळी फळांचा, असे बारा महिने मोजले आहेत. एकाही महिन्याला वेगळे नाव नाही; काम हीच महिन्याची ओळख. मोजणीची सुरुवात शरदातल्या फळांपासून होते हेही लक्षणीय आहे, कारण फळे गोळा करण्याचा सण वर्षाच्या अखेरीस येतो असे निर्गमच्या 23व्या अध्यायात म्हटले आहे. म्हणजे वसंतातला वर्षारंभ आणि शरदातला वर्षारंभ या दोन्ही परंपरा त्या भूमीत नांदत होत्या.

अधिक महिना धरावा अशी स्पष्ट आज्ञा बायबलमध्ये कुठेही नाही. ‘अबीब महिना पाळा’ एवढेच ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात सांगितले आहे. ‘बायबलच्या काळी फक्त सातू पाहूनच वर्ष ठरत असे’ हे विधान त्यामुळे मूळ वचनाच्या पलीकडे जाते. प्रत्यक्ष कारभाराची तपशीलवार माहिती रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) ग्रंथांतून मिळते आणि तिथे सातू हा एकटा साक्षीदार नाही. ताल्मूद या मिश्नावरील चर्चेच्या ग्रंथातल्या सनहेद्रिन (धर्मन्यायालय) प्रकरणानुसार तीन गोष्टी पाहत: सातूची अवस्था, झाडांची फळे आणि वसंतसंपात. यांपैकी दोन मागे असतील तरच अधिक महिना धरत, एकीवरून नाही. पीकही यहुदिया, यार्देनपलीकडचा प्रदेश आणि गालील या तीन भागांतले पाहत. पावसाने रस्ते-पूल खचले असतील, वल्हांडणाचे, म्हणजे बेखमीर भाकरीच्या सणाच्या आरंभीचे, कोकरू भाजायच्या भट्ट्या ओल्या असतील किंवा दूरचे यात्रेकरू अजून वाटेत असतील, तर तेही विचारात घेत. दुष्काळाच्या वर्षी मात्र महिना वाढवत नसत, कारण नव्या धान्यासाठी लोकांना आणखी तीस दिवस थांबवणे म्हणजे उपाशी ठेवणे. या नियमांत धर्मन्यायालयाची माणसांविषयीची काळजी दिसते, आणि या पंचांगाचे खरे मोठेपण मला त्यातच वाटते.

ज्यू धर्मपंडितांचे प्रमुख रब्बान गम्लीएल जेरुसलेमच्या मंदिराच्या टेकडीवरच्या पायरीवर बसून लेखनिकाला पत्रे सांगत, असा प्रसंग त्याच प्रकरणात आहे. बाबिलोन आणि मेदिया इथल्या बांधवांना ते कळवतात की पारव्यांची पिल्ले अजून कोवळी आहेत, कोकरे लहान आहेत, अबीबची वेळ आलेली नाही. म्हणून ‘मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी या वर्षात तीस दिवस वाढवले आहेत,’ असे ते लिहितात.

ओमेरच्या दिवसावरून मात्र तीव्र वाद होता. पेंढी ‘शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) दुसऱ्या दिवशी’ ओवाळावी असे वचन आहे. परूशी या ज्यू पंथाच्या मते इथे शब्बाथ म्हणजे सणाचा पहिला दिवस, म्हणून 16 निसान. बोएथूसी पंथाच्या मते तो शनिवारच, म्हणून ओमेर नेहमी रविवारी. मिश्नातला कापणीचा सोहळा या वादामुळेच इतका गाजावाजा करून होई. सूर्य मावळला का, हाच विळा का, हीच टोपली का, असे कापणारा तीन-तीनदा विचारी आणि जमाव प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणून ओरडे. मृत समुद्राकाठच्या कुम्रान पंथाची वाट आणखी वेगळी होती. त्यांचे वर्ष बरोबर 52 आठवड्यांचे, म्हणजे 364 दिवसांचे होते. त्यांच्याकडच्या ‘मंदिर गुंडाळी’ या हस्तलिखितात तर गव्हाच्या सणानंतर पन्नासाव्या दिवशी नव्या द्राक्षारसाचा आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवशी नव्या तेलाचाही सण दिला आहे.

परंपरेनुसार चौथ्या शतकात दुसरा हिल्लेल या ज्यू समाजाच्या प्रमुखाने गणिती पंचांग जाहीर केले. आज रूढ असलेल्या पंचांगात 19 वर्षांत सात अधिक महिने ठरलेल्या वर्षी येतात आणि त्या वर्षी निसानच्या आधीचा अदार महिना दोनदा येतो. त्यामुळे जगभर पांगलेल्या समाजाला एकाच दिवशी सण करता येऊ लागले. या गणितातले सरासरी वर्ष सौर वर्षापेक्षा किंचित लांब असल्याने साधारण 216 वर्षांत एक दिवस या गतीने सण ऋतूच्या मानाने उशिरा सरकत आहेत.

पॅलेस्टाइनच्या पिकांना बांधलेले हे सण परदेशी गेल्यावर तिथल्या हंगामाशीही जुळतात. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात तिश्री या सातव्या महिन्यात खीरीचा सण होई. नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर हे त्याचे वैशिष्ट्य. तिश्री येतो तो भाद्रपद-आश्विनात, रायगडच्या खलाटीत हळवे भात तयार होते तेव्हा.

पिकाची पाहणी सोडायला कराईट पंथ तयार नव्हता. रब्बींची मौखिक परंपरा न मानणाऱ्या या पंथाचे मध्ययुगातले जेरुसलेमवासी दरवर्षी सातू शोधायला बाहेर पडत. बायझंटाइन साम्राज्यातल्या त्यांच्या बांधवांना दूरवरून बातमी वेळेवर मिळणे कठीण होते. त्यांनी अखेर 19 वर्षांचे चक्र स्वीकारले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्राएलमध्ये काही कराईटांनी आणि त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती गटांनी ही पाहणी पुन्हा सुरू केली. किती कणसे हुरड्यात आली म्हणजे पुरेसे, रानटी सातू धरायचा की पेरलेला, आणि देशाच्या कोणत्या भागातला, यावर त्यांच्यात एकमत नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी त्यांचा वल्हांडण गणिती पंचांगातल्या वल्हांडणाच्या महिनाभर आधी येतो.