सोनोग्राफी मशीनवर पहारा बसला, रक्ताच्या ट्यूबवर कोण बसणार?

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं मुली होत्या फक्त ८३९. ऊस, दूध, कारखाने, कशाचीच कमी नसलेल्या जिल्ह्याचा हा आकडा आहे! पुढं इथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर नावाचं यंत्र जोडायला लावलं, म्हणजे मशीनवर जे जे बघितलं जाईल त्याचं रेकॉर्डिंग त्यात साठणार, आणि प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म, म्हणजे सोनोग्राफीच्या नोंदीचा कागद, ऑनलाइन भरायचा. डॉक्टरांची संघटना याविरुद्ध हायकोर्टात गेली, पेशंटची प्रायव्हसी जाते म्हणून. मुंबई हायकोर्टानं २०११ ला ती याचिका फेटाळली. कोर्टाचं म्हणणं असं की ते चित्रण कुठं बाहेर पाठवलं जात नाही, मशीनपाशीच राहतं, संशय आला तरच उघडायचं, आणि मुलींचा जन्म रोखला जात असताना प्रायव्हसीचा हक्क काही अमर्याद नाही. मला हा निकाल आजही पटतो.

पण तेव्हाचा सगळा पहारा मशीनवर होता आणि विज्ञान आता मशीन सोडून रक्तात गेलंय.

झालं असं की १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बाळाचा डीएनए आईच्या रक्तात फिरत असतो. वारेच्या पेशी मरतात, त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात मिसळतात, दहाव्या आठवड्याच्या आसपास आईच्या प्लाझ्मात जे मोकळे तुकडे असतात त्यातले साधारण दहा टक्के या वारेचे. आणि हे त्यांनी ओळखलं कसं? मुलगा पोटात असलेल्या बायकांच्या रक्तात वाय क्रोमोसोमचे तुकडे सापडले, बाईच्या स्वतःच्या शरीरात वाय नसतोच ना! म्हणजे लिंग कळणं हा या टेस्टचा साइड इफेक्ट नाही, शोधच तिथून लागलाय.

यातूनच एनआयपीटी नावाची रक्ताची टेस्ट आली. दंडातून थोडं रक्त घ्यायचं, लॅबला पाठवायचं, डाऊन सिंड्रोमची शक्यता फार चांगली पकडली जाते, पोटात सुई घालायची गरज पुष्कळ जणींना पडत नाही. (रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मात्र गर्भजलाची तपासणी करून खात्री करावीच लागते, ही नुसती चाळणी आहे, हे पेशंटला नीट बसवून सांगायला पाहिजे.) टेस्ट चांगलीच आहे, तिच्यावर राग नाही माझा.

कायदा याला लागू आहे का? आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यात जन्मपूर्व चाचणीच्या व्याख्येत गर्भवतीचं रक्तसुद्धा येतं, आणि लिंग शब्दानं, खुणेनं किंवा कुठल्याही प्रकारे सांगायला बंदी आहे. त्यामुळं आपल्याकडच्या रिपोर्टात मुलगा-मुलगी छापत नाहीत. पण अडचण बघा, क्रोमोसोमच्या दोषांपैकी टर्नर सिंड्रोम मुलींनाच होतो, क्लाइनफेल्टर मुलांनाच. तो दोष सापडला आणि नाव घेऊन सांगितला तर लिंग आपोआप कळलं, आणि नाही सांगितला तर आईबापाला हक्काची माहिती नाकारली. कायदा क्रोमोसोमच्या दोषासाठी तपासणी करायला परवानगी देतो, सांगायचं कसं ते मात्र डॉक्टरच्या विवेकावर येऊन पडतं. माझं मत विचाराल तर आजार सांगायलाच हवा, आणि तो समुपदेशकासमोर, नोंद ठेवून.

आणखी एक भीती वाटते. सोनोग्राफीत लिंग खात्रीनं दिसायला तीन महिन्यांच्या पुढं जावं लागतं, रक्तातलं दहाव्या आठवड्यातच कळतं. इतक्या लवकर गर्भपात करायला गर्भनिरोधक फेल गेलं एवढं कारण कायद्याला पुरतं, खरं कारण कागदावर येणारच नाही. मग लोक म्हणतात गर्भपातावरच कडक बंधनं घाला. तसं अजिबात करू नये! २०१७ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये १९ भ्रूण सापडले तेव्हाही अशीच ओरड झाली होती, पण गर्भपाताच्या गोळ्या ठेवायला घाबरणाऱ्या मेडिकलवाल्यामुळं जिला खरंच गरज आहे तीच बाई भोंदूकडं जाते. लिंगनिदानाच्या कायद्यानंसुद्धा बाईला गुन्हेगार धरलेलं नाही, नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच कोर्ट आधी गृहीत धरतं.

पहारा पाहिजे तो लॅबच्या कॉम्प्युटरवर. रिपोर्टात वाय छापला नाही तरी कच्च्या डेटात तो असतोच, आणि ट्यूब कुरिअरनं निपाणीच्या पलीकडं कर्नाटकात जाऊ शकते, परदेशातही जाऊ शकते. ती फाइल कुणी, कधी, कशासाठी उघडली याची पुसता न येणारी नोंद ठेवणं आज अजिबात अवघड नाही. ती नोंद तपासायचा अधिकार सिव्हिल सर्जनला मिळाला पाहिजे, आणि ज्या लॅबला तशी नोंद दाखवता येत नाही तिचं रजिस्ट्रेशन पुढच्या वेळी रिन्यू करू नये.