बंबफोडीपासून ५८ सीसीपर्यंत: चेन सॉची पार्श्वभूमी

पावसाळ्यात पुण्यातल्या एखाद्या गल्लीत गुलमोहर आडवा झाला की तासाभरात जे मशीन तिथे घुमायला लागतं, ते बहुधा ५८ सीसीचं, बावीस इंची पट्टीचं (जिच्या कडेने साखळी फिरते ती) आणि चिनी बनावटीचं असतं. बोहरी आळीत ते खोक्यासकट मिळतं. कामगार त्याला नुसतं ‘कटर’ म्हणतात. जळणाचं लाकूड शतकभर जाळणाऱ्या या शहरात चेन सॉ, म्हणजे साखळीवर दात असलेली ही यांत्रिक करवत, मात्र फार उशिरा आली, आणि आली तेव्हा जळणाचा धंदा उतरणीला लागला होता.

त्याचं कारण वखारीच्या कामकाजात आहे. लाकूड ट्रकमधून ओंडक्यांच्या रूपात यायचं. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या गोल आऱ्यावर त्याचे तुकडे पडायचे आणि पुढचं काम घण, पाचर आणि कुऱ्हाड घेतलेला लाकूडफोड्या करायचा. तांब्याच्या बंबासाठी बारीक बंबफोड, बेकरीच्या भट्टीसाठी जाड फाटी, चुलीसाठी त्यामधलं. आरा जागेवर बसलेला आणि मजुरी स्वस्त, त्यामुळे खांद्यावर वागवायच्या महागड्या इंजिनाची गरज कोणालाच भासली नाही. नंतर घरोघरी गॅस आला आणि बंब माळ्यावर गेले. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हा पुण्यातले बेकरीवालेही आपल्या भट्टीचं काय, याचा विचार करू लागले असतील. आता जळण लागतं ते काही बेकऱ्यांना, स्मशानाला, हुरडा पार्ट्यांना आणि शहराबाहेरच्या फार्महाउसना. झाडं मात्र पडतच असतात, आणि पडलेलं झाड आऱ्यापर्यंत नेण्यापेक्षा आरा झाडापर्यंत नेणं सोपं. चेन सॉने पुण्यात पाय रोवले ते या गणितावर.

यंत्राची मूळ कुळी जंगलातली नाहीच. १७८० च्या दशकात जॉन एटकन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला दात असलेली हातसाखळी वापरली होती. लाकडासाठी अखंड फिरणाऱ्या साखळीचं पेटंट सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युअल बेन्सने १९०५ मध्ये घेतलं, तेही कॅलिफोर्नियाच्या प्रचंड रेडवुड वृक्षांसाठी. हातात धरून वापरता येईल असं यंत्र जर्मनीत घडलं. आंद्रेआस श्टीलने १९२६ मध्ये श्टुटगार्टला विजेवर चालणारी सॉ काढली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची, ४६ किलो वजनाची. मधल्या काळात, १९२७ मध्ये, एमिल लेर्पने थुरिंजियातल्या डोलमार डोंगरावर आपली ‘टाइप ए’ चालवून दाखवली, आणि पुढे त्या डोंगराचंच नाव कंपनीला मिळालं. ही सगळी यंत्रं दोघांनी उचलायची होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेली डिस्टन-मर्क्युरीसुद्धा तशीच.

वजनाइतकीच मोठी अडचण इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची होती. तो मोटरसायकलसारखा, तरंगत्या फ्लोटचा. इंजिन आडवं केलं की पेट्रोल एका बाजूला जायचं आणि मशीन बंद पडायचं. त्यामुळे त्या काळच्या सॉमध्ये इंजिन सरळ ठेवून फक्त पट्टी नव्वद अंशात फिरवायची सोय असायची. संग्रहासाठी अशी सॉ हाती आली तर तो फिरता सांधा आधी पाहावा. तो बहुतेक वेळा जाम असतो, आणि जोर करून सोडवताना बाहेरचं ओतीव आवरण तडकतं. त्यावर डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल घालून दोन-तीन दिवस थांबणं बरं.

पण चेन सॉचा खरा इतिहास इंजिनात नाही, साखळीत आहे. १९४७ पूर्वीची साखळी म्हणजे दोन माणसांच्या करवतीचे दात साखळीवर बसवलेले: काही दात रेघ मारणारे, काही भुसा ओढणारे. प्रत्येक प्रकारच्या दाताला वेगळ्या पद्धतीने कानस लागायची, आणि एवढं करून धार लवकर जायची. ऑरेगनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड कशी खाते ते नीट पाहिलं. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, डावीकडे आणि उजवीकडे आलटून पालटून चालणारे. त्या बेताने त्याने डावे-उजवे वाकडे दात असलेली साखळी बनवली. पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, ती विक्रीला आली, आणि आज जगातली जवळपास प्रत्येक साखळी तिचीच वंशज आहे.

या दाताचे दोन भाग असतात. मागचा कापणारा, आणि त्याच्या पुढचा छोटा उंचवटा, जो दात लाकडात किती खोल जाईल हे ठरवतो. चालवणारे पहिल्याला धार लावतात आणि दुसऱ्याला विसरतात. कानसेने दात मागे सरकतो तसा तो बुटका होत जातो, उंचवटा मात्र तेवढाच राहतो. मग धार उत्तम असूनही सॉ लाकडावर नुसती घसरते, आणि माणूस इंजिनाला दोष देत बसतो. ५८ सीसीवर येणाऱ्या ०.३२५ इंची साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, ३० अंशांच्या कोनात. कानसेचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. प्रत्येक दाताला दोन-तीन घाव, तेही फक्त पुढे ढकलताना. तीन-चार वेळा धार झाली की मापपट्टी ठेवून उंचवटा दाताच्या माथ्यापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली घ्यावा, सपाट कानसेने. वाळलेली बाभूळ किंवा चिंच कापायची असेल तर कोन २५ अंशांवर आणावा, धार जास्त टिकते. छोट्या सॉची हलकी ३/८ साखळी असेल तर कानस ४ मिलिमीटरची. कापताना ढलप्या पडायला हव्यात. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबायचं, दाबायचं नाही. आणि काप एका बाजूला वळत असेल तर डाव्या आणि उजव्या दातांची लांबी सारखी उरलेली नाही असं समजावं.

इंजिनाच्या बाजूने मोठी झेप म्हणजे डायफ्रॅम कार्बोरेटर. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दशकात तो रूढ झाला. फ्लोटच्या जागी रबरी पडदा आल्यावर सॉ उलटी केली तरी चालू लागली. श्टीलने १९५० मध्ये एका माणसाने वापरायची १६ किलोची बीएल काढली. त्याच्या आदल्या वर्षी मॅक्युलॉकची ३-२५ अमेरिकेत आली होती, जेमतेम साडेअकरा किलोची. १९५९ ची श्टील काँट्रा हा पुढचा टप्पा: मधला गिअर काढून क्रँकची चाल थेट साखळीला दिली, त्यामुळे वजन उतरलं आणि साखळीचा वेग वाढला. हुस्क्वार्ना ही १६८९ मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली स्वीडिश कंपनी. तिचीही पहिली चेन सॉ १९५९ चीच.

काँट्राच्या घराण्यातली १०५ सीसीची ०७० आणि तिची थोरली बहीण, १३७ सीसीची ०९०, या दोन सॉ आशिया आणि दक्षिण अमेरिकेत वर्षानुवर्षं राबल्या. इंजिन कमी फेऱ्यांचं, ओढ जबरदस्त, आणि दहा किलोच्या पुढचं वजन पट्टीशिवायच. जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘मोठी श्टील’ म्हणून जे दाखवलं जातं ते यातलं असू शकतं, किंवा त्याची चिनी नक्कल. नक्कल ओळखायला ओतकामाच्या कडा, स्क्रूंची डोकी आणि क्रमांकाची पट्टी पाहावी. नकलेमुळे एक फायदाही झाला: पिस्टन, रिंग, स्टार्टरची दोरी असे सुटे भाग स्वस्तात मिळू लागले. चालवायच्या सॉला ते वापरावेत. संग्रहातल्या सॉला वापरले तर तिची मूळ किंमत जाते.

१९६० आणि ७० च्या दशकांत माणसाच्या हातांचा विचार सुरू झाला. दिवसभर कंपनं सोसणाऱ्या लाकूडतोड्यांची बोटं थंडीत पांढरी पडायची, बधिर व्हायची. मग हँडल आणि इंजिनामध्ये रबरी आधार आले. इलेक्ट्रॉनिक इग्निशन १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलं, चेन ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. या साध्या कालक्रमाचा संग्राहकाला फार उपयोग होतो. समोरच्या सॉला पुढच्या हँडलसमोर हातरक्षक, म्हणजे साखळी थांबवणाऱ्या चेन ब्रेकचा दांडा, नसेल, तर पट्टीचं टोक लाकडाला लागून सॉ उसळली की तिला थांबवणारं काहीच नाही. अशा सॉने घोडीवर घट्ट बसवलेला ओंडका आडवा कापावा, तोही पट्टीच्या बुडाजवळच्या भागाने. टोक कशालाही लागू द्यायचं नाही, आणि झाडावर चढून फांद्या तर मुळीच नाही.

पेट्रोलवरच्या सॉचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारं. पुण्याला टू-स्ट्रोकची जाण होती, एवढं खरं. १९७२ पासून लुना आणि चेतक रस्त्यावर आल्या, त्यांचे प्लगची ठिणगी पाडणारे पॉइंट्स साफ करणारी आणि डोकं उतरवून काजळी खरवडणारी एक अख्खी पिढी इथे तयार झाली. जुन्या सॉचे पॉइंट्स ०.३५ ते ०.४ मिलिमीटरवर ठेवणं तिला शिकवावं लागत नाही. ती पिढी आता निवृत्त होते आहे, आणि नव्या मेकॅनिकने पॉइंट्स पाहिलेलेच नसतात. कंडेन्सर गेलेला असेल तर पॉइंट्सच्या जागी बसणारं छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावणं सुटसुटीत पडतं. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या. नवा बुश किंवा स्पेसर हवा असेल तर भोसरीत लेथवर तो तासून मिळतो.

१९९१ पूर्वी आयातीवर परवान्यांचं बंधन आणि भरमसाट कर होता, म्हणून त्या काळातल्या सॉ इथे मोजक्याच. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी एखादी दिसते. किंमत ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब: प्लगच्या जागी गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढायची. १३० पीएसआयच्या वर असेल तर ठणठणीत, शंभरच्या खाली असेल तर रिंग किंवा सिलिंडर गेलेला. दुसरी, मफलर काढून पिस्टनची बाजू टॉर्चने पाहायची. उभे ओरखडे दिसले तर ती कधीतरी कमी तेलावर किंवा हवा खेचत चाललेली आहे. बाहेरून चकचकीत रंगवलेल्या सॉची ही तपासणी आधी करावी. कारण अशा सॉमध्ये क्रँकची रबरी सील कडक झालेली असतात, तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल आणि तेल कमी) आणि पिस्टन पुन्हा चिकटतो. सील बदलल्याशिवाय नवा पिस्टन घालणं म्हणजे पैसे जाळणं.

आजची मोठी डोकेदुखी मात्र पेट्रोलची आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, कार्बोरेटरचे पडदे आखडतात. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली की इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. ते मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी बसतो. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीतला फिल्टर तर तळाशीच लोळत असतो. इंजिनाला मग तेलाविना इंधन जातं. त्यामुळे काम संपल्यावर टाकी रिकामी करून सॉ आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, आणि नळ्या व पडदे इथेनॉल सोसणारे बसवावेत. इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होतं, म्हणून कार्बोरेटरवरचा ‘एच’ स्क्रू (जोरात चालताना किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा) पाव फेऱ्याच्या आत थोडा उघडावा. मोकळ्या फुल थ्रॉटलवर आवाज किंचित फाटका यावा आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ व्हावा. जुन्या सॉच्या टाकीवर १६:१, म्हणजे सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल, असं लिहिलेलं असतं, ते तेव्हाच्या साध्या तेलासाठी. आताच्या चांगल्या टू-टी तेलाचं लिटरला ३० मिली पुरतं. चिनी ५८ सीसीला विक्रेते ४० मिली सांगतात, ते पाळलेलं बरं, कारण तिचं बेअरिंग काही फार उदार नसतं.

ही ५८ सीसी म्हणजे जपानी झेनोआ कंपनीच्या आराखड्यावर चीनमध्ये निघालेल्या नकलांची पुढची आवृत्ती. हल्ली घाऊक जळणासाठी हीच चालते, आणि बिघडते ती ठरलेल्या तीन ठिकाणी: स्टार्टरची पकड, तेलाचा पंप आणि क्लचमागची गरारी. पंप बिघडायचं कारण बहुतेकदा चालवणाराच असतो. साखळीच्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल ओततात. त्यातला धातूचा कीस पंप खातो आणि तेच काळं तेल लाकडावर बसून पावाच्या भट्टीत जातं. गिअरचं नव्वद नंबरचं नवं तेल थोडं महाग पडतं, पण पट्टी जास्त टिकते. पट्टी दर नवीन साखळीच्या वेळी उलटी करावी. गरारी दोन साखळ्यांनंतर बदलावी, नाहीतर ती तिसरी साखळी खाते.

लाकडातही फरक आहे. सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया सहज कापली जातात. बाभळीच्या सालीतली माती पहिल्या पाच मिनिटांत धार घालवते, म्हणून कापायच्या जागेवरची साल कुऱ्हाडीने उडवून घ्यावी. वड-पिंपळाचा चीक साखळीत गोंदासारखा बसतो. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे असतात, वरून साल भरून आलेली असते, म्हणून जमिनीपासून पहिल्या सहा-सात फुटांत चुंबक फिरवून घ्यावा. ओंडके दीड फुटाचे करून लगेच फोडावेत. बाभूळ वाळल्यावर पाचर आत घुसत नाही. झाड पडलेलं असलं तरी महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, म्हणून कापण्याआधी उद्यान विभागाची परवानगी घ्यावी.