फ्रीस्टाइल फ्रिस्बी

फ्रीस्टाइल फ्रिस्बी : गरगर फिरणारी प्लास्टिकची तबकडी नखावर तोलत, अंगावरून घरंगळवत, वाऱ्यावर थोपटत ठेवून शेवटी एखाद्या अवघड पवित्र्यात झेलण्याचा क्रीडाप्रकार. तो बहुधा संगीताच्या साथीने, जोडीने किंवा तिघांनी मिळून सादर करतात. यात गोल नसतो, सीमारेषा नसते, समोर प्रतिस्पर्धीही उभा नसतो. बर्फाळ डोंगरी गावात हिवाळ्यात भरणारी स्पर्धा ही या खेळाची एक वेगळीच परीक्षा असते, म्हणून तिचा विचार या नोंदीत विस्ताराने केला आहे.

कोल्हापुरात ‘फ्रीस्टाइल’ म्हटले की आधी कुस्ती आठवते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव याच प्रकारात लढले आणि ते इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. दोन्ही खेळांत या शब्दाचा अर्थ एकच आहे : मुभा. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड चालत नाही, फ्रीस्टाइलमध्ये चालते. फ्रिस्बीतही तबकडीला हात लावायचा की पाय, छाती की गुडघा, याचे कोणतेही बंधन नाही.

तबकडीचा जन्म अमेरिकेतला. फ्रेड मॉरिसन हा तरुण १९३० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर केक भाजायचे पत्र्याचे भांडे फेकत खेळायचा. पाच सेंटचे ते भांडे लोक त्याच्याकडून पंचवीस सेंटला विकत घेऊ लागले, तेव्हा त्याला यातला धंदा दिसला. पुढे त्याने प्लास्टिकची तबकडी घडवली. मराठीत ‘उडती तबकडी’ म्हटले की परग्रहावरचे यान डोळ्यांसमोर येते, आणि मॉरिसननेही त्या काळच्या याच वेडाचा आधार घेऊन १९५५ मधल्या आपल्या तबकडीला ‘प्लूटो प्लॅटर’ असे नाव दिले होते. १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने तिचे हक्क घेतले आणि तिला फ्रिस्बी म्हणायला सुरुवात केली. हे नाव कनेक्टिकटमधल्या फ्रिस्बी पाय कंपनीच्या पत्र्याच्या ताटल्यांवरून आले. त्या ताटल्या तिथले विद्यार्थी एकमेकांकडे फेकत असत. फ्रिस्बी ही आजही नोंदणीकृत व्यापारमुद्रा असल्यामुळे क्रीडासंघटना ‘फ्लाइंग डिस्क’ असा शब्द वापरतात.

१९७४ मध्ये टोरोंटो येथील कॅनेडियन ओपन स्पर्धेत केन वेस्टरफील्ड आणि जिम केनर यांनी फ्रीस्टाइलचा स्वतंत्र गट ठेवला. तीच या प्रकाराची पहिली स्पर्धा मानली जाते. तोवर खेळ म्हणजे सुंदर फेक आणि अवघड झेल, एवढेच होते. त्यानंतर थोड्याच काळात कोणीतरी झेलण्याऐवजी फिरती तबकडी नखावर थांबवून धरली, आणि खेळाचे रूपच पालटले. खेळाडूंची स्वतःची संघटना, फ्रीस्टाइल प्लेयर्स असोसिएशन, १९७८ मध्ये स्थापन झाली.

नखावर तबकडी थांबवण्याला ‘डिले’ म्हणतात. ज्याने लहानपणी भोवरा खेळला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जाळी मारून भोवरा जमिनीवर पडू न देता थेट तळहातावर घेतला, की तो हातजाळीत जोवर फिरतो तोवरच उभा असतो. फिरकी संपली की लवंडतो. फ्रीस्टाइलमध्ये भोवऱ्याच्या आरेचे काम खेळाडूचे नख करते. फरक इतकाच की इथे आर हातात आहे आणि फिरणारी वस्तू वर. फिरकी हीच खेळाडूची पुंजी. प्रत्येक स्पर्शाला त्यातली थोडी खर्च होते आणि उरलेल्या फिरकीत जेवढे साधेल तेवढे साधायचे असते. हा खर्च कमी व्हावा म्हणून खेळाडू तबकडीच्या पोटावर सिलिकॉनचा फवारा मारतात आणि बोटांना कृत्रिम नखे चिकटवतात. सरावलेल्या हातात तबकडीच्या मध्याखाली नख टेकलेले असते आणि तबकडी जवळजवळ स्थिर भासते. जरा बारकाईने पाहिले तर बोट सतत मधला बिंदू शोधत हललेले दिसते.

फिरकीची दिशा हा दुसरा मूलभूत मुद्दा. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, फोरहँडने फेकलेली उलट दिशेने. खेळाडू यांना ‘क्लॉक’ आणि ‘काउंटर’ म्हणतात. एका दिशेला जी हालचाल सहज जमते ती दुसऱ्या दिशेला अंगावर येते, कारण फिरणाऱ्या वस्तूला एका बाजूने ढकलले तर ती भलत्याच बाजूला कलते. दोन्ही दिशांना सारख्याच सहजतेने खेळणारे थोडेच. प्रस्तुत लेखकाच्या मते खेळाडूची खरी पारख इथेच होते, उंच उड्यांत नव्हे. ‘रोल’ या प्रकारात तबकडी कडेवर उभी राहून एका हाताच्या बोटांपासून छातीवरून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत घरंगळते. त्यातही दिशा चुकली की ती अंगाला चिकटून राहत नाही, सुटून जाते.

फिरकी परत मिळवण्याचा एक मार्ग आहे, तो म्हणजे ‘ब्रश’. वाऱ्याकडे तोंड करून कललेल्या तबकडीच्या कडेला फिरकीच्याच दिशेने तळव्याने किंवा पायाने थाप द्यायची. थापेने तबकडी पुढे जाते, वेग घेते, आणि समोरचा वारा तिला परत आणून देतो. म्हणून समुद्रकिनारा ही या खेळाची आवडती जागा. इटलीत रिमिनीच्या वाळूवर भरणाऱ्या पागानेल्लो स्पर्धेत फ्रीस्टाइलही खेळले जाते.

बर्फाळ गावातली स्पर्धा

स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात हिवाळी स्पर्धा घ्यायची तर ती बहुधा बंदिस्त सभागृहात घ्यावी लागते. प्रागमधली फ्रिसबीअर कप ही हिवाळ्यातली स्पर्धा अशीच छपराखाली होते. सभागृहात वारा नसतो, म्हणजे ब्रशचा मार्ग जवळजवळ बंद. जी फिरकी फेकीतून मिळाली तेवढ्यावरच सगळा डाव निभवायचा. त्यामुळे सभागृहात फेक जास्त जोरदार फिरकीची असते आणि खेळ नख, रोल आणि झटपट झेल यांकडे झुकतो. याची दुसरी बाजू अशी की वाऱ्याच्या झोताने बिघडलेला डाव हे निमित्त इथे उरत नाही. बसवलेला कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होऊ शकतो, आणि संगीताशी पावले जुळतात.

उंचीचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. स्वित्झर्लंडमधले दावोस समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८३ टक्के असतो. हवा विरळ असली की तबकडीला मिळणारा उठाव घटतो, ती किंचित लवकर खाली येते. पण थंडीने हवा दाट होते, आणि इथे हिशेब गंमतीचा होतो. उणे १० अंश तापमानात तिथल्या उघड्या बर्फावर एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलो भरते. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि इथे ३० अंशांच्या दुपारी हाच आकडा जवळपास तेवढाच येतो. म्हणजे बर्फात उभ्या असलेल्या खेळाडूला आणि आपल्या मैदानात घाम पुसणाऱ्याला तबकडी बरीचशी सारखीच तरंगताना दिसेल. दावोसमधल्याच २० अंशांपर्यंत तापवलेल्या सभागृहात मात्र ती लवकर बसते, कारण तिथे उंचीमुळे आलेली विरळता तशीच राहते आणि थंडीची भरपाई मिळत नाही. बाहेर सराव करून आत खेळायला गेलेल्याचे झेल सुरुवातीला चुकण्याचे हे एक कारण असू शकते.

उघड्या बर्फावरही लोक खेळतात, पण स्पर्धेपेक्षा मौजेसाठी. गारठ्याने बोटे बधिर होतात आणि नखावरचा भार जाणवेनासा होतो. हातमोजे घातले तर नखच झाकले जाते. थंडीने प्लास्टिक कडक होते. पांढरी तबकडी बर्फाच्या पार्श्वभूमीवर दिसत नाही, म्हणून भडक रंगाची घ्यावी लागते. आणि तबकडी एकदा ओली झाली की सिलिकॉनचा गुळगुळीतपणा जातो. नख अडकते, फिरकी मरते.

स्पर्धेत जोडी, मिश्र जोडी, महिला जोडी आणि तिघांचा गट असे विभाग असतात. कार्यक्रम तीन ते पाच मिनिटांचा. गुण तीन बाजूंनी दिले जातात : हालचाल किती अवघड, ती किती निर्दोष आणि एकूण सादरीकरण किती देखणे. अवघडपणा मोजताना पूर्वापार पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे गुण देतात, त्यामुळे एकाच थरारक झेलावर वेळ मारून नेता येत नाही. तबकडी पडली की गुण कापले जातात. पंच बहुतेक वेळा त्या फेरीत न खेळणारे खेळाडूच असतात. स्पर्धा संपल्यावर सगळे एका वर्तुळात उभे राहून एकमेकांना तबकडी देत खेळतात, त्याला ‘जॅम’ म्हणतात. अनेक खेळाडू स्पर्धेला येतात ते या जॅमसाठीच.

तबकडी साधारण १६० ग्रॅमची असते, अल्टिमेट या संघखेळातली १७५ ग्रॅमची. फ्लाइंग डिस्कच्या जागतिक महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१५ मध्ये पूर्ण मान्यता दिली.

कोल्हापूरच्या संदर्भात

या शहराला मैदानाचे आणि फुटबॉलचे वेड आहे. पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा सगळे शहर दोन बाजूंत वाटले जाते. अशा ठिकाणी प्रतिस्पर्धीच नसलेला खेळ कोण पाहील, असे वाटू शकते. पण हेच शहर मर्दानी खेळांचेही आहे. शिवजयंतीला किंवा मिरवणुकीत हलगी-घुमकं-कैताळाच्या ठेक्यावर दांडपट्टा फिरतो तेव्हा कोण जिंकले हे कोणी विचारत नाही. आडव्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरचे लिंबू पट्टेकरी कापतो आणि कातडीला ओरखडा येत नाही, तेव्हा प्रेक्षक दाद देतो ती अवघडपणाला, सफाईला आणि डौलाला. फ्रीस्टाइलचे पंच नेमके याच तीन गोष्टी पाहतात. मनगटाची गोल फिरत, पायांची पावली, ठेक्यावर थांबणे आणि पुन्हा सुटणे ही इथल्या आखाड्यातल्या पोरापोरींच्या अंगात मुरलेली आहेत. लाठी फिरवणाऱ्या मुलीला ‘क्लॉक’ आणि ‘काउंटर’ शिकवावे लागणार नाही, ती दोन्ही हातांनी दोन्ही दिशांना आधीच फिरवते. हलगीच्या ठेक्यावर बसवलेला फ्रीस्टाइलचा कार्यक्रम फार शोभून दिसेल, असे या लेखकाला मनापासून वाटते.

साहित्यही फारसे अडत नाही. सिलिकॉनचा फवारा प्लास्टिकचा माल साच्यातून सुटा व्हावा म्हणून कारखान्यांत वापरतात, तेव्हा उद्यमनगरात चौकशी करावी. कृत्रिम नखे शृंगारसाहित्याच्या दुकानात मिळतात. ती बोटाच्या टोकापासून थोडीच पुढे राहतील अशी कापावीत, लांब नख भाराने उचकटते. खेळण्याच्या दुकानातली पातळ, हलकी तबकडी मात्र उपयोगाची नाही, तिला फिरकी टिकवता येत नाही.

जागेचे म्हणाल तर नखावरचा सराव घराच्या गच्चीवर किंवा शाळेच्या सभागृहात होतो. ब्रशसाठी मोकळा, एका दिशेचा वारा लागतो. तो रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी मिळतो, आणि पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठारावर तर भरपूर. पठारावर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, पण गवत निसरडे आणि तबकडी ओली. तिथे जायचे तर पाऊस उघडल्यानंतर, जमीन वाळल्यावर जावे, आणि तबकडी पुसायला एक सुती फडके कमरेला खोचून ठेवावे.