आधी गिरकीत शिरा, मग बाहेर या

लहान विमान शिकवणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. सगळं सुरळीत चाललेलं असताना शेजारी बसलेला प्रशिक्षक अचानक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो आणि म्हणतो, "इंजिन गेलं." सेस्ना १७२ हे छोटं विमान असेल तर विद्यार्थ्याने आधी वेग ६५-७० नॉटवर (ताशी साधारण १२०-१३० किलोमीटर) धरायचा, मग उतरण्याजोगं शेत हेरायचं, इंधन, मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) यांची तपासणी त्यानंतर. इंजिनाशिवायही हे विमान हजार फूट उंचीमागे साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. एकदा हे स्वतः करून पाहिलं की छातीतली धडधड बरीच उतरते.

मुद्दाम संकट आणून शिकवण्याची ही खोड लागली पहिल्या महायुद्धात. त्याआधी स्पिन, म्हणजे खाली कोसळणारी गिरकी, जवळजवळ मरणच समजली जाई. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडच्या सॉल्झबरी मैदानावर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचं ॲव्ह्रो विमान गिरकीत सापडलं. घाबरलेला कोणीही करेल तेच त्यांनी केलं, स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा, पोटाशी ओढली. उपयोग शून्य. शेवटी रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, पायाने गिरकीच्या उलट दिशेला दाबला, आणि जमीन जेमतेम पन्नासेक फुटांवर असताना विमान सावरलं. उत्तर हाती आलं होतं, पण ते वर्गात पोचलं नाही. युद्ध पेटलं तरी नव्या पोरांना सांगितलं जाई ते एवढंच: असल्या भानगडीत पडू नका. पोरं शिकतानाच मरत राहिली.

रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश वैमानिकाने हे उलटं केलं. १९१४ मध्ये अपघातात त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय मोडले होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं पुस्तकी नव्हतं. १९१७ साली इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या शाळेत दुहेरी नियंत्रणाच्या, म्हणजे दोघांनाही चालवता येणाऱ्या, ॲव्ह्रो ५०४ विमानात ते विद्यार्थ्याला मुद्दाम गिरकीत न्यायला लावत आणि त्यालाच बाहेर काढायला सांगत. वाऱ्याच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून प्रशिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत एक साधी नळी असे. संकटात एक ओळखीचा आवाज कानाशी असणं, ही मला त्या शाळेची सगळ्यात शहाणी युक्ती वाटते.

पुढे १९४९ मध्ये अमेरिकेने खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठीची गिरकीच्या सरावाची सक्ती काढून टाकली. त्यावरून वैमानिकांत अजून वाद झडतात.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने वेगळंच संकट तपासलं. केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बीचक्राफ्ट बोनान्झा या छोट्या विमानात बसवून बाहेरचं दिसणं बंद केलं. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. सरासरी १७८ सेकंदांत खेळ आटोपला. मग त्यांना ढगातून मागे वळण्याची एक छोटी रीत शिकवली, आणि जवळजवळ प्रत्येक चाचणी पार पडली. त्या रीतीतली पहिली सूचना होती, घट्ट धरलेल्या नियंत्रणाच्या चाकावरून हात काढा.