टाकी गळली होती, आता फाइल बंद कशी करायची? कॅलिफोर्नियातले नियम

कॅलिफोर्नियात जुन्या पेट्रोल पंपाची जागा घेतली आणि जमिनीखालची टाकी कधीकाळी गळल्याचं निघालं, की पहिली भीती असते ती पाणी पिण्याजोगं होईपर्यंत उपसत बसण्याची. तसं करावं लागतंच असं नाही. राज्य जलसंसाधन नियंत्रण मंडळाच्या २०१२ च्या ‘कमी धोका’ धोरणात फाइल, म्हणजे गळतीचं प्रकरण, बंद करताना पाणी किती दूषित आहे याच्या जोडीने ते कोणापर्यंत पोचेल हेही पाहतात.

आधी पात्रता. गळती पेट्रोलियमचीच हवी. ड्रायक्लीनिंगच्या रसायनांना इथे जागा नाही. ठिकाण सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या हद्दीत असावं. गळती थांबलेली, आणि पाण्यावर तरंगणारं इंधन व भिजलेली माती जमेल तेवढी काढलेली असावी. एमटीबीई या पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या रसायनाची तपासणीही झालेली लागते.

खरा कस लागतो तो अंतरात. दूषित पाण्याचा पट्टा १०० फुटांहून आखूड असेल, तरंगतं इंधन नसेल आणि पुरवठ्याची विहीर किंवा ओढा-तळं २५० फुटांपलीकडे असेल, तर अशा ठिकाणासाठी बेंझिन या पेट्रोलमधल्या विषारी रसायनाची मर्यादाच नाही. पट्टा २५० फुटांच्या आत असेल तर विहीर १,००० फुटांपलीकडे हवी, आणि बेंझिन लिटरमागे ३,००० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. राज्यात पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे १ मायक्रोग्रॅम! म्हणजे फाइल बंद झाली तरी ते पाणी पिऊ नये, हे उघडच. उरलेलं काम काळ आणि मातीतले जिवाणू करतील, असा हिशोब आहे. त्यासाठी पट्टा वाढत नाही हे ‘निरीक्षण विहिरीं’च्या, म्हणजे पाणी तपासण्यासाठी खणलेल्या विहिरींच्या, नोंदींवरून दाखवावं लागतं. वेळ खातं ते हेच.

पंप पाडून घर बांधणार असाल तर जमिनीतून येणाऱ्या बाष्पाचे निकष वेगळे. चालू पंपाला त्यातून बहुतेकदा सूट मिळते.

कागदपत्रांत जीव ओतावा तो जागेच्या आराखड्यात: काय गळलं, माती कशी, पाणी कुठे वाहतं, जवळ कोणाची विहीर. अहवाल जिओट्रॅकर या राज्य मंडळाच्या ऑनलाइन नोंदसंग्रहावर चढतात आणि कोणालाही वाचता येतात, त्यामुळे कच्चे आकडे टाकू नयेत.

निकष पुरे झाले की शेजारच्या जागामालकांना आणि पाणीपुरवठा संस्थांना कळवून ६० दिवस हरकतींसाठी ठेवतात. मग निरीक्षण विहिरी बुजवायच्या, साठलेला कचरा हलवायचा; त्यानंतरच बंद केल्याचं पत्र मिळतं. स्थानिक यंत्रणेने नकार दिला तर थेट राज्य मंडळाकडे दाद मागता येते.